व्रत आपलं, देह दुसरीचा

बेळगावात सविता हालप्पनवर हे नाव माहीत नसलेली बाई शोधून सापडायची नाही. आपल्याच गावची लेक. दातांची डॉक्टर. लग्न होऊन नवऱ्याबरोबर आयर्लंडमधल्या गॉलवे शहरात राहायला गेली आणि २८ ऑक्टोबर २०१२ रोजी, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी, तिथल्या इस्पितळात वारली. तेव्हा ती सतरा आठवड्यांची गरोदर होती. त्या वेळी गावात हळहळ झाली, मोर्चे निघाले, पेपरांत रकाने भरले. पण 'तिकडच्या डॉक्टरांनी हयगय केली' एवढ्यावरच बहुतेकांचं बोलणं थांबलं. माझं म्हणणं असं, मैत्रिणींनो, की सविताची गोष्ट एका इस्पितळाची नाही. धर्म मानणाऱ्या चांगल्या माणसांनी आपला धर्म कायद्याच्या पुस्तकात नेऊन बसवला की काय होतं, त्याची ती गोष्ट आहे. आणि ती नीट समजून घेणं आपल्यासारख्या व्रतं पाळणाऱ्या समाजाला फार गरजेचं आहे.

आधी घडलं काय ते सांगते. २१ ऑक्टोबरला पाठ दुखते म्हणून सविता इस्पितळात गेली. तपासल्यावर कळलं, गर्भपात होऊ घातला आहे, मूल वाचणार नाही. त्यात कुणाचं दुमत नव्हतं. मूल जाणारच आहे तर मला मोकळं करा, अशी तिनं आणि तिच्या नवऱ्यानं विनंती केली. उत्तर मिळालं, गर्भाचे ठोके चालू आहेत आणि तुमच्या जिवाला आत्ता धोका दिसत नाही, तेव्हा कायद्यानं काही करता येत नाही. एका नर्सनं, हा कॅथॉलिक देश आहे, अशा अर्थाचं काहीतरी सांगितलं. पुढं मृत्यूच्या चौकशीत तिनं ते कबूलही केलं. दुखवायला नव्हे, इथं असं का आहे ते समजावायला बोलले, असं तिचं म्हणणं. ते खरंही असेल. २४ तारखेला ठोके थांबले, पण तोवर जंतुसंसर्ग रक्तात पसरला होता. चार दिवसांनी सविता गेली.

आता तिथल्या कॅथॉलिक चळवळीची बाजूही प्रामाणिकपणे मांडायला हवी. ते म्हणतात, सविता कायद्यानं नाही मेली, संसर्ग वेळेवर ओळखला नाही म्हणून मेली. यात तथ्य आहे. २०१३ मध्ये आलेल्या चौकशी अहवालानं तिच्या देखरेखीत झालेल्या चुका स्पष्ट नोंदवल्या. पण त्याच अहवालानं असंही म्हटलं की डॉक्टरांचं सगळं लक्ष गर्भाचे ठोके थांबेपर्यंत हात न लावण्याकडे होतं, आणि आईला वाढत चाललेल्या धोक्याकडे ते कमी पडलं. म्हणजे चूक आणि कायदा या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्याच. कायद्यानं डॉक्टरांची नजर जिकडे वळवली होती, तिकडेच ती खिळून राहिली.

हा कायदा आला कुठून? इथं थोडं मागं जावं लागेल.

आयर्लंडमध्ये गर्भपाताला इंग्रजांच्या १८६१ च्या कायद्यानंच बंदी होती. १९३५ पासून संततिनियमनाची साधनं विकायला आणि बाहेरून आणायलाही बंदी होती. मे १९७१ मध्ये तिथल्या काही बायका आगगाडीनं बेलफास्टला गेल्या. ते शहर ब्रिटिश अमलाखाली, तिथं ही साधनं उघड मिळत. गोळ्या मात्र डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळेनात, म्हणून त्यांनी अॅस्पिरिनच्या गोळ्या घेतल्या आणि डब्लिन स्टेशनवर कस्टमवाल्यांपुढे त्याच नाचवल्या! या अॅस्पिरिन की त्या गोळ्या, हे ओळखणार कोण? कस्टमचे पुरुष लाजून बाजूला झाले.

त्यानंतरचा खटला हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. मेरी मॅगी ही चार मुलांची आई. आधीच्या बाळंतपणांत जिवावर बेतलं होतं, आणखी एक गरोदरपण झेपणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलेलं. तिनं मागवलेलं संततिनियमनाचं औषध कस्टमनं जप्त केलं. ती कोर्टात गेली. १९७३ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं निकाल दिला, नवरा-बायकोच्या खाजगी आयुष्यात सरकारनं असं डोकावू नये. त्याच वर्षी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं गर्भपाताचा हक्क मान्य केला. दोन्ही निकालांचा आधार एकच होता, खाजगी आयुष्य.

आयर्लंडमधल्या कॅथॉलिक कार्यकर्त्यांना इथंच भीती वाटली. आज गोळ्या, उद्या गर्भपात. कोर्ट तो हक्कही देऊन बसेल. म्हणून १९८१ मध्ये त्यांनी मोहीम उभारली की गर्भाचा जगण्याचा हक्क थेट राज्यघटनेतच लिहा, म्हणजे कुठलं कोर्ट आणि कुठली संसद त्याला हात लावणार नाही. लक्षात घ्या, गर्भपात तेव्हा बेकायदाच होता. नव्यानं काही थांबवायचं नव्हतं. उद्याच्या लोकांनी मत बदलू नये यासाठी आजच दाराला कुलूप घालायचं होतं. ही मोहीम डॉक्टरांनी, वकिलांनी, घरोघरच्या आयांनी चालवली. निवडणुका तोंडावर होत्या, दोन्ही मोठ्या पक्षांनी वचन देऊन टाकलं. सरकारचेच मुख्य कायदा सल्लागार सांगत होते की हा मजकूर संदिग्ध आहे, यातून बाईच्या जिवाला धोका होऊ शकतो. तिथल्या प्रॉटेस्टंट चर्चनीही विरोध केला. गर्भपात त्यांनाही पसंत नव्हता. पण असला गुंतागुंतीचा नैतिक प्रश्न घटनेच्या एका वाक्यात बसत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे 'ख्रिश्चन मत' असं एकच एक काही नव्हतं, हेही आपण ध्यानात ठेवू. ७ सप्टेंबर १९८३ ला सार्वमत झालं. जवळजवळ ६७ टक्के लोकांनी 'हो' म्हटलं. ही त्या देशाची आठवी घटनादुरुस्ती.

तिचा मजकूर थोडक्यात असा की गर्भाला जगण्याचा हक्क आहे आणि आईच्या जगण्याचा हक्क त्याच्या बरोबरीचा आहे. वाचताना किती समंजस वाटतं! पण शब्द नीट बघा. आईच्या 'जिवा'चा उल्लेख आहे, 'तब्येती'चा नाही. आता डॉक्टरनं मोजायचं कसं? बाई नुसती आजारी आहे की मरायला टेकली आहे? ताप किती चढला म्हणजे 'जिवाला धोका'? चूक झाली तर तुरुंग. आपल्या घरात सून किंवा लेक अशी अडली तर 'अजून थोडी खालावू दे, मग बघू' असं कुणी म्हणेल का? त्या मजकुरानं डॉक्टरांना नेमकं हेच म्हणायला लावलं.

परिणाम दिसायला एकोणतीस वर्षं लागली नाहीत. १९९२ मध्ये बलात्कारातून गरोदर राहिलेल्या चौदा वर्षांच्या मुलीला, तिनं इंग्लंडला जाऊन गर्भपात करू नये म्हणून, कोर्टाच्या मनाई हुकमानं अडवलं गेलं. मुलगी जीव द्यायच्या गोष्टी करत होती. देशभर संताप झाला तेव्हा सुप्रीम कोर्टानं सांगितलं, आत्महत्येचा धोका हाही जिवाचाच धोका. पण त्या निकालाप्रमाणे कायदा करायचं धाडस एकाही सरकारनं केलं नाही. एकवीस वर्षं गेली. तो कायदा २०१३ मध्ये झाला, सविता गेल्यावर.

आणि गर्भपात थांबले का? १९८० ते २०१६ या काळात आयर्लंडचा पत्ता देऊन परदेशी गर्भपात करून घेतलेल्या स्त्रिया आणि मुली किमान १ लाख ७० हजार. बोटीनं जायचं, विमानानं जायचं, एकटीनं, उसने पैसे घेऊन, घरी काहीबाही सांगून. पाप देशात राहिलं नाही, समुद्रापलीकडे गेलं, एवढंच. जिच्याकडे पैसा किंवा प्रवासाचे कागद नव्हते ती अडकली. सवितासारखी इस्पितळाच्या खाटेवर असलेली तर कुठंच जाऊ शकत नव्हती.

या चळवळीनं अडवलेली गोष्ट फक्त गर्भपात नव्हती. घटस्फोटाला १९८६ च्या सार्वमतात 'नाही' मिळालं. १९९५ मध्ये पुन्हा विचारलं तेव्हा घटस्फोट आला की मुलांचे बाबा घर सोडून गेलेच समजा, अशा अर्थाची मोठमोठी पोस्टर्स लागली. बदल मंजूर झाला तो जेमतेम नऊ हजार मतांनी. समलिंगी संबंध १९९३ पर्यंत गुन्हा होता. दर वेळी सांगायचं कारण एकच, कुटुंब वाचवायचं आहे. कुटुंब वाचवावं हे कुणाला पटणार नाही? पण मारकुट्या नवऱ्याशी बांधून ठेवलेली बाई ही त्या कुटुंबाची माणूस नव्हती का, हे पोस्टरवर कधी लिहिलं गेलं नाही.

माझी या चळवळीवरची मुख्य टीका आता सांगते. त्यांची श्रद्धा खोटी होती असं मी म्हणत नाही. आपल्यापैकी कितीतरी जणी कॉन्व्हेंटात शिकल्या, सिस्टरांची सेवा आपण डोळ्यांनी पाहिली आहे. माझी टीका अशी की जिथं त्यांच्या हातात सगळं होतं, तिथं त्यांनी तो जीव जपला नाही, आणि जिथं देह दुसरीचा होता तिथं मात्र कायद्याची काठी मागितली. ज्या गॉलवे परगण्यात सविता गेली, तिथंच ट्युअम नावाचं गाव आहे. तिथं १९२५ ते १९६१ नन चालवत असलेलं, लग्नाआधी आई झालेल्या मुलींचं आश्रयगृह होतं. एका स्थानिक अभ्यासक बाईंनी, कॅथरीन कॉरलेस त्यांचं नाव, चिकाटीनं मृत्यूचे दाखले गोळा केले. ७९६ मुलं. त्यांना कुठं पुरलं याची नोंद नाही. २०१७ मध्ये सरकारी आयोगानं सांगितलं की आवारातल्या जमिनीखालच्या बांधकामात लहान मुलांचे अवशेष मिळाले आहेत. अशा अठरा संस्थांची चौकशी करून २०२१ मध्ये अहवाल आला, त्यात मेलेल्या मुलांचा आकडा सुमारे नऊ हजार. पोटातल्या जिवासाठी घटना बदलणाऱ्या देशात, जन्मलेल्या जिवाला नाव कोरलेला दगडही मिळाला नव्हता. आणि घटनादुरुस्तीनंतर पाच महिन्यांच्या आत, ३१ जानेवारी १९८४ ला, ग्रॅनार्ड गावात अॅन लव्हेट नावाची पंधरा वर्षांची शाळकरी मुलगी मेरीमातेच्या मूर्तीपाशी एकटी बाळंत झाली. बाळ गेलं, तीही गेली. आईला आणि गर्भाला समान हक्क देणारं वाक्य घटनेत होतं. तिच्याजवळ कुणी नव्हतं.

आता आपल्याकडे वळू, कारण हे वाचून 'त्यांचं असंच' म्हणणं फार सोपं आहे.

आपल्या धर्मात गर्भपात ही हिंसाच आहे. पंचेंद्रिय जिवाची हिंसा. मीही तसंच मानते, त्यात शब्दांचे खेळ करायचे नाहीत. एखादी म्हणेल, मग त्या कॅथॉलिक लोकांचं चुकलं काय? आपल्यात तर केलेली, करवलेली आणि अनुमोदन दिलेली, तिन्ही हिंसा सारख्याच. कायद्यानं परवानगी देणं म्हणजे अनुमोदनच की. प्रश्न योग्य आहे. पण अनुमोदन म्हणजे मनानं 'बरं झालं' म्हणणं. दुसरीला तुरुंगात न टाकणं म्हणजे अनुमोदन नव्हे. नाहीतर आपला शेजारी कांदा-बटाटा खातो, रात्री जेवतो, त्याला आपण पोलिसात देत नाही म्हणून रोज आपल्याला दोष लागला असता!

आपल्या आचार्यांनी तर याहून बारीक विचार केला. मुनींना महाव्रत, गृहस्थाला अणुव्रत. ज्याला जेवढं पेलेल तेवढं त्यानं स्वतः घ्यावं. गृहस्थाची हिंसाही एकसारखी मोजली नाही. चुलीपाशी होणारी वेगळी, उद्योगधंद्यातली वेगळी, जीव वाचवण्यासाठी करावी लागणारी वेगळी आणि ठरवून केलेली वेगळी. मरणाच्या दारात असलेल्या सविताला 'तू महाव्रत पाळ' म्हणणं आपल्या कुठल्याच शास्त्रात बसत नाही. आणि तिनं ते व्रत घेतलंच कुठं होतं? मी इथली नाही, तुमच्या धर्माची नाही, असं ती सांगत होती म्हणतात. जे नियम घेणाऱ्यानं घेतलेच नाहीत ते पाळायला लावणं, याला आपल्या भाषेत व्रत म्हणत नाहीत.

२०१५ चं साल आठवा. १० ऑगस्टला राजस्थान हायकोर्टानं सल्लेखना म्हणजे आत्महत्या ठरवली आणि गुन्हा नोंदवायला सांगितला. सगळा जैन समाज, दिगंबर-श्वेतांबर भेद विसरून, रस्त्यावर आला. गावोगावी मूक मोर्चे निघाले. आपण काय म्हणत होतो? हा देह, हे व्रत, ही श्रद्धा. सरकारनं मध्ये येऊ नये. महिनाअखेर सुप्रीम कोर्टानं त्या निकालाला स्थगिती दिली आणि आपण सुटकेचा श्वास घेतला. आणि लगेच सप्टेंबरात काय झालं? पर्युषणात मुंबईत मांसविक्री बंद ठेवण्यावरून वाद पेटला, प्रकरण हायकोर्टात गेलं, आणि आपल्यातलेच काही जण सरकारी बंदीच्या बाजूनं उभे राहिले. ऑगस्टमध्ये आपण सरकारला म्हटलं, आमच्या व्रतात येऊ नका. सप्टेंबरमध्ये म्हटलं, आमचं व्रत दुसऱ्याकडून पाळून घ्या. दोन्ही एका तोंडानं कसं बोलता येईल? आयर्लंडमधले कार्यकर्ते याच वाटेनं पुढं गेले, फार पुढं, एवढाच फरक.

ट्युअमसारखा प्रश्न आपल्यालाही कुणी विचारू शकेल. जिथं सगळं तुमच्या हातात होतं तिथं तुम्ही काय केलंत? २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे देशात मुली होत्या ९२७. आपल्या जैन समाजात ८७०. मुंगी मरू नये म्हणून वाट बघून चालणारा समाज! हे आकडे कुठल्या कायद्यानं सक्ती करून आणले नाहीत. सोनोग्राफीच्या बंद खोलीत, सुशिक्षित घरांतून, स्वाध्यायाला नेमानं जाणाऱ्या घरांतूनसुद्धा ते आले.

मग गर्भलिंग तपासणीला बंदी करणारा १९९४ चा कायदाही लादलेलं व्रतच की, असं कुणी म्हणेल. मला फरक दिसतो तो असा. त्या कायद्यात तपासणी झालेल्या बाईबद्दल कोर्टानं आधी हेच धरून चालायचं आहे की नवऱ्यानं किंवा घरच्यांनी तिच्यावर जबरदस्ती केली. कायद्याचा हात डॉक्टरवर आणि दडपण आणणाऱ्यावर पडतो, बाईवर नाही. त्यानं त्या खोलीत बाईला पाहिलं. आठव्या घटनादुरुस्तीनं तिलाच पाहिलं नाही.

२५ मे २०१८ रोजी आयर्लंडनं पुन्हा सार्वमत घेतलं आणि ६६.४ टक्के मतांनी ती दुरुस्ती काढून टाकली. मतदानाच्या आधी सविताच्या वडिलांनी बेळगावातून तिथल्या लोकांना 'हो' म्हणा अशी विनवणी केली होती. निकालाच्या दिवशी डब्लिनमधल्या एका भिंतीवर रंगवलेल्या तिच्या चेहऱ्याभोवती लोकांनी चिठ्ठ्या चिकटवल्या, फुलं ठेवली. नव्या कायद्याला तिचं नाव द्या, अशी आई-वडिलांची मागणी होती, ती काही पुरी झाली नाही. आणि एक गोष्ट सांगायलाच हवी. त्याच्या दोनच वर्षं आधीच्या जनगणनेत त्या देशातल्या ७८ टक्के लोकांनी स्वतःला कॅथॉलिक म्हटलं होतं. म्हणजे 'हो' म्हणणाऱ्यांत चर्चला जाणाऱ्या, जपमाळ ओढणाऱ्या बायाही पुष्कळ होत्याच. त्यांनी धर्म सोडला नव्हता. मी गर्भपात करणार नाही आणि दुसरी अडली तर तिला अडवणारही नाही, या दोन्ही गोष्टी एका बाईच्या मनात सुखानं नांदू शकतात, हे त्यांना उमगलं होतं.

आपल्याला हे अवघड जाऊ नये. उद्या आपल्या ओळखीतली एखादी मुलगी अडचणीत आली तर तिच्या घरी जाऊन बसा. तिला पैसे, डॉक्टर, सोबत काय लागेल ते विचारा. मूल ठेवणार असेल तर डोहाळजेवणालाही जा, मग लोक काही म्हणोत. तिनं दुसरं ठरवलं तर आपलं व्रत आपल्यापाशी ठेवून इस्पितळात तिच्या उशाशी बसा. आणि सुनेच्या दुसऱ्या मुलीच्या बारशाला पहिल्या नातवाइतकेच पेढे वाटा. हे आपल्या हातातलं आहे, त्यासाठी कुणाच्या राज्यघटनेत काही लिहावं लागत नाही.